पासपोर्ट कुणाकडे असतो?

शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या फाउंड्रीच्या मालकांचा फोन आला तेव्हा माझ्याकडे, जर्मनीत, सकाळचे आठ वाजले होते, कोल्हापुरात साडेअकरा.

"मॅडम, तुमच्या प्रश्नावलीतला एक्केचाळिसावा प्रश्न बघा जरा. 'कामगारांचे पासपोर्ट तुम्ही स्वतःकडे ठेवून घेता का?' आमच्या अख्ख्या फाउंड्रीत पासपोर्ट आहे तो एकट्या माझा. तो मी माझ्याकडंच ठेवतो. मग हो लिहू का नाही?"

'लागू नाही' लिहा, म्हटलं. दोघंही हसलो. मग बोलता बोलता ते म्हणाले की फेटलिंगवरची, म्हणजे ओतीव माल घासून साफ करणारी, पोरं ओडिशाची, ठेकेदारानं आणलेली. पगार नियमाप्रमाणे बँकेत जमा होतो, पण एटीएम कार्डं ठेकेदाराच्या पाकिटात. तोच पैसे काढतो, खोलीभाडं, खानावळ, उचल कापतो आणि उरतील ते हातावर ठेवतो. यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. यंदा पाऊस लांबला म्हणावं तितक्या सहज सांगून टाकलं. आमच्या १४० प्रश्नांत एटीएम कार्डाबद्दल एकही प्रश्न नव्हता.

मी स्टुटगार्टजवळच्या एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत खरेदी विभागात आहे. ही प्रश्नावली जर्मनीच्या पुरवठा साखळी कायद्यातून आली. सप्टेंबर २०१२ मध्ये कराचीतल्या एका कापड कारखान्याला आग लागून अडीचशेहून जास्त माणसं गेली. तिथला मुख्य गिऱ्हाईक जर्मन होता. एप्रिल २०१३ मध्ये ढाक्याजवळची राणा प्लाझा कोसळली, अकराशेहून जास्त मेले. आपल्या अंगावरचा शर्ट कुठून येतो, हा प्रश्न मग इथल्या संसदेपर्यंत गेला. १ जानेवारी २०२३ पासून तीन हजारांहून मोठ्या आणि २०२४ पासून हजार कामगारांच्या कंपन्यांना कायदा लागू झाला: तुमचा माल जिथून येतो तिथं माणसांचे हक्क पायदळी तुडवले जात नाहीत ना, हे तुम्ही बघायचं. मोठ्या कंपनीनं नियम मोडला तर जगभरातल्या उलाढालीच्या दोन टक्क्यांपर्यंत दंड. अमेरिकेनं त्याआधीच, डिसेंबर २०२१ मध्ये, चीनमधल्या शिनजियांग प्रांतापुरता याहून कडक कायदा केला होता. तिथला माल सक्तीच्या मजुरीतून आला असंच धरून चालायचं. तसं नाही, हे आयात करणाऱ्यानं सिद्ध करायचं. मानवी हक्कांवरून पूर्वी सरकार सरकारला खडसवायचं. आता ते काम माझ्यासारख्या खरेदी करणाऱ्यांच्या इनबॉक्सात येऊन पडलंय.

पुण्यातल्या माझ्या दादाला हे सगळं ढोंग वाटतं. "दोनशे वर्षं लुटून झालं, आता आम्हाला माणुसकी शिकवताहेत. आमच्या घरात डोकावायचा अधिकार दिला कुणी?" दर सुट्टीत हा वाद होतो आणि दर वेळी वहिनी टीव्हीचा आवाज वाढवते. भारतात असताना मीही हेच म्हणायचे. दिल्लीची अधिकृत भूमिकाही फार वेगळी नाही. कामगारांच्या हक्कांचा विषय व्यापाराला जोडू नका, हे भारतानं १९९६ च्या सिंगापूर परिषदेत जागतिक व्यापार संघटनेला ठासून सांगितलं होतं. हा छुपा संरक्षणवाद आहे, म्हणजे स्वतःचे उद्योग वाचवण्याची आडवाट, या म्हणण्यात तथ्य होतं, आजही आहे.

पण 'आमची अंतर्गत बाब' हे वाक्य आधी कुणी कुणाला ऐकवलं? १९४६ साली, स्वातंत्र्यही मिळालेलं नसताना, दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांच्या वागणुकीचा प्रश्न आपण संयुक्त राष्ट्रांत नेला. विजयालक्ष्मी पंडित शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या. समोरून दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जनरल स्मट्स म्हणत होते, ही आमच्या देशाची अंतर्गत बाब आहे. आपण ते ऐकून घेतलं नाही आणि आमसभेनं आपल्या बाजूनं कौल दिला. त्याच वर्षी आपण त्या देशाशी व्यापार तोडला. पुढे कित्येक वर्षं भारतीय पासपोर्टवर दक्षिण आफ्रिका वर्ज्य होती. १९७४ मध्ये भारताचा टेनिस संघ डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोचला, प्रतिस्पर्धी दक्षिण आफ्रिका, आणि आपण खेळायलाच नकार दिला. चषक न खेळता त्यांना मिळाला. सरकारच्या तत्त्वाची किंमत त्या पोरांनी मोजली. दादाला हे सांगितलं तर तो म्हणतो, "ते वेगळं होतं." असेलही. पण दुसऱ्याच्या घरात डोकावणं पाप आहे, असं आपण तेव्हा तरी मानत नव्हतो.

दादाचं एक म्हणणं मात्र मला खोडता येत नाही. "लागतं ते गरिबाला," तो म्हणतो. याचं सगळ्यात बोचरं उदाहरण तर न झालेल्या कायद्याचं आहे. बालमजुरांनी केलेला माल आयात करायचा नाही, असं विधेयक सिनेटर टॉम हार्किन यांनी १९९२ मध्ये अमेरिकेत मांडलं. ते कधीच मंजूर झालं नाही. पण नुसत्या बातमीनं बांगलादेशातले कपड्यांचे कारखानदार हबकले आणि त्यांनी मुलांना काढून टाकलं. युनिसेफच्या अंदाजानं सुमारे पन्नास हजार, त्यात मुलीच जास्त. ही मुलं शाळेत जातील असं वॉशिंग्टनमध्ये वाटलं असावं. मागोवा घेणाऱ्यांना ती सापडली खडी फोडताना, रस्त्यावर, काही वेश्याव्यवसायात. शिलाई यंत्राशेजारी बसून दोरे कापणारी मुलगी आता हातोडा घेऊन विटांचे तुकडे करत होती. हेतूत खोट नव्हती. कारखान्यातून निघालेली मुलगी संध्याकाळी घरी काय घेऊन जाणार, एवढं कुणी विचारलं नव्हतं.

ते १९९५ मध्ये विचारलं गेलं. कारखानदारांची संघटना, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्यात करार झाला: आधी शाळेची सोय, मग कामावरून काढायचं, आणि बुडालेल्या कमाईपोटी दरमहा थोडा भत्ता. तोकडा होता, सगळ्या मुलांपर्यंत पोचलाही नाही. पण एका विधेयकाच्या धाकानं जे घडलं आणि या करारानं जे घडलं, त्यातलं अंतर या भत्त्याएवढं होतं.

काँगोतही २०१० नंतर थोड्याफार फरकानं हेच झालं. तिथल्या खनिजांवर सशस्त्र टोळ्या पोसल्या जातात म्हणून अमेरिकेनं कंपन्यांना खनिजांचा उगम जाहीर करायला लावला. कटकट नको म्हणून बऱ्याच कंपन्यांनी काँगोतून खरेदीच थांबवली, आणि हातानं खणून पोट भरणाऱ्यांचं काम गेलं. लोक त्याला सरळ 'ओबामाचा कायदा' म्हणू लागले. ते कौतुकानं नव्हे.

जर्मन कायदा लिहिणाऱ्यांना हे ठाऊक असावं. पुरवठादाराकडे गडबड आढळली तर आधी त्याच्यासोबत सुधारणा करा, संबंध तोडणं हा शेवटचा उपाय, असं त्यात स्पष्ट आहे. खरेदीच्या पद्धतीसुद्धा तपासा, असंही आहे. हे कलम आमच्या विभागात कुणी मोठ्यानं वाचल्याचं मी ऐकलेलं नाही. कारण ज्या आठवड्यात मी ती प्रश्नावली कोल्हापूरला पाठवली, त्याच आठवड्यात, त्याच ईमेल पत्त्यावरून, मीच त्यांना दुसरं पत्र पाठवलं: पुढच्या वर्षासाठी दरात तीन टक्के कपात अपेक्षित आहे.

मालकांनी दोन्ही पत्रांना एकच उत्तर दिलं. व्हिडिओ कॉल लावला आणि फोन फेटलिंग शेडकडे फिरवला. ग्राइंडरच्या ठिणग्या, हवेत वाळूची पांढुरकी धूळ, तोंडाला रुमाल बांधलेली चारपाच पोरं. "ही धूळ ओढून घ्यायचं यंत्र बसवायचंय, मॅडम. तुमच्याच प्रश्नावलीत आहे, प्रश्न अठ्ठ्याऐंशी. तीन टक्के कमी करून बसवू, का आधी बसवून मग कमी करू?"

या धुळीनं फुप्फुसं निकामी होतात, हे त्यांनाही माहीत आहे, मलाही. मी साहेबाकडे गेले. त्यानं कपात एक वर्ष पुढे ढकलली, याहून जास्त काही झालं नाही. यंत्र बसलं ते त्या वर्षात. म्हणजे कायद्याचा उपयोग झाला का? झाला. प्रश्नावली नसती तर तो कॅमेरा त्या शेडकडे वळला नसता आणि मला साहेबाकडे जायला निमित्तही मिळालं नसतं. दादाला हे पटत नाही, आणि इथल्या सहकाऱ्यांना तर यात बोलण्यासारखंच काही वाटत नाही. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर या कायद्याचं नाव निघतं ते फक्त कागदी कटकट म्हणून. तिकडे देशाचा मान, इकडे कंपनीचा वेळ. रुमाल बांधलेला पोरगा दोन्हीकडच्या वादात नसतो.

कायद्यानं तक्रारीची सोय करणंही बंधनकारक केलं. आम्ही पोस्टर छापलं: नंबर, क्यूआर कोड, इंग्रजी आणि हिंदी मजकूर. ओडिया कुणाच्या डोक्यातच आलं नाही, माझ्याही नाही. ते लागलं ऑफिसच्या भिंतीवर, जिथे ठेकेदाराची पोरं पाऊल टाकत नाहीत. वर्षभरात कोल्हापूरहून एकच संदेश आला. जर्मनीत वेल्डरची जागा आहे का, अशी चौकशी होती.

एटीएम कार्डाबद्दल मी मालकांना दोनदा बोलले. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, "ठेकेदाराला सांगितलंय. पण तो गेला तर माणसं कोण आणून देणार? तुमची कंपनी?"

२०२५ मध्ये इथे सत्तेवर आलेल्या आघाडीनं आपल्या करारातच लिहिलं की हा कायदा रद्द करून त्याजागी युरोपीय नियमांवर बेतलेला, कमी कागदपत्रांचा कायदा आणू. ही बातमी शिरोलीत पोचायला दोन दिवस लागले.

"मॅडम, कायदा जातोय म्हणे. मग ते पोस्टर काढू का?"

राहू दे, म्हटलं. फक्त शेडमध्ये लावा. ओडियातलं पाठवते.