मावशीच्या कुंडीतली मक्याची पिशवी

‘मक्यापासून बनलेली पिशवी! 180 दिवसांत मातीत मिसळते. कुंडीत पुरा, बाटल्यांबरोबर भंगारात द्या, गाईने खाल्ली तरी अपाय नाही.’ हा मेसेज मी आजवर वाचून सोडून देत होते. पण मावशीने वर्षापूर्वी तशी पिशवी मोगऱ्याच्या कुंडीत पुरली आणि परवा माती बदलताना ती बाहेर आली. कडेला फाटलेली, मऊ पडलेली, पण वरची हिरवी पानं अजून ओळखू येत होती. मावशी म्हणते, "माझंच काहीतरी चुकलं असेल."

तुझं काही चुकलं नाही गं. 180 हा आकडा कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकसाठीच्या आयएस/आयएसओ 17088 या मानकातला आहे: नियंत्रित कंपोस्टमध्ये, साधारण 58 अंश सेल्सिअसला, तेवढ्या दिवसांत 90 टक्के विघटन. 58 अंशाला मोगरा उकडून निघेल! इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठाच्या 2019 च्या अभ्यासात कंपोस्टेबल पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली, मातीत मात्र 27 महिन्यांनंतरही सापडली. ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणून विकलेली दुसरी पिशवी तर तीन वर्षांनीही बाजारहाट भरून नेण्याइतकी धड होती.

गाईचं वाक्य वाचून डोकंच फिरलं. कंपोस्ट होणं म्हणजे पचणं नव्हे. गाईच्या पोटात 39-40 अंश तापमान असतं, आणि या मानकात ‘जनावराने खाल्ली तर’ अशी चाचणीच नाही. शिळ्या पोळ्या पिशवीसकट उकिरड्यावर टाकणाऱ्यांना हा मेसेज म्हणजे परवानाच.

आणि ‘मक्याची’ म्हणजे कितपत? यातल्या बऱ्याच पिशव्यांत स्टार्चबरोबर पीबीएटी नावाचं कुजणारं प्लास्टिक असतं, ते बहुतेक खनिज तेलातूनच येतं. उलट ब्राझीलमध्ये उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथीन बनतं. मूळ शेतातलं, पण कुजायच्या बाबतीत नेहमीच्या पॉलिथीनसारखंच ढिम्म.

बाटल्यांचं म्हणाल तर पीएलए हे मक्यापासूनचं प्लास्टिक ‘पेट’मध्ये, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकमध्ये, मिसळलं की भंगारवाल्याचा माल बिघडतो.

बरं, एवढं मान्य: वनस्पतीतला कार्बन हवेतून आलेला असतो, तेलविहिरीतून नाही. ओल्या कचऱ्याचा मोठा, तापणारा प्रकल्प जवळ असेल तर या पिशव्या कामाच्याही आहेत.

मावशीने विचारलंच, "मग ही आता टाकू कुठे?" सोसायटीच्या ओल्या डब्यावर ‘पिशव्या टाकू नयेत’ असं लिहिलंय, भंगारवाला हातही लावत नाही. सध्या ती धुऊन गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातली आहे.