परदेशातून: ट्रकने थांबायचंच नाही, ही अट कोणाची?

मालट्रक पुढे हायड्रोजनवर धावणार की बॅटरीवर, यावरून आपल्याकडे सरळ दोन तट पडले आहेत. एका तटाचं म्हणणं नितीन गडकरी गेली काही वर्षं जाहीर सभांतून मांडतातच: हायड्रोजन हे भविष्यातलं इंधन. २०२२ मध्ये ते टोयोटाच्या ‘मिराई’ या हायड्रोजन मोटारीतून संसदेत आले आणि विषय घरोघरी पोचला. दुसऱ्या तटाच्या मते हायड्रोजन म्हणजे अनुदान लाटायचा धंदा. बॅटरीने बाजी केव्हाच मारली, आता चर्चाच नको. मी जर्मनीत एका मालवाहतूक कंपनीत गाड्यांच्या फेऱ्या लावण्याचं काम करतो. त्यामुळे दोन्ही तटांतले मित्र मला पंच समजून विचारतात, “तिकडे काय चाललंय सांग.” सांगतो. पण इथल्या निकालावरून आपल्याकडचा निकाल लागतो असं मला वाटत नाही. आणि इथे ज्या गोष्टीने पारडं फिरवलं, तिच्याबद्दल आपल्याकडच्या वादात चकार शब्द नसतो.

आधी इथली हकीगत. डाइमलर या ट्रक बनवणाऱ्या कंपनीच्या हायड्रोजन ट्रकने सप्टेंबर २०२३ मध्ये जर्मनीतल्या व्यर्ट ते बर्लिन असं एका भरण्यात १,०४७ किलोमीटर अंतर कापलं. टाक्यांमध्ये उणे २५३ अंशांवरचा द्रव हायड्रोजन होता. फोटो झकास आले. त्याच कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केलं की या ट्रकचं मोठ्या संख्येतलं उत्पादन आता २०३० नंतरच, कारण हायड्रोजन भरायला पंपच नाहीत. दरम्यान त्याच व्यर्टच्या कारखान्यातून ६०० युनिटच्या वर बॅटरी असलेले ट्रक बाहेर पडू लागले होते, एका चार्जिंगमध्ये पाचशे किलोमीटर जाणारे. अमेरिकेत हायड्रोजन ट्रक बनवणाऱ्या ‘निकोला’ने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिवाळखोरी पत्करली. स्वीडनच्या स्कॅनिया या ट्रक कंपनीने तर २०२१ मध्येच सांगून टाकलं होतं की आमचा भर बॅटरीवर.

असं का झालं, याचं पहिलं उत्तर अंकगणितात आहे आणि ते कोणालाही घरी बसून करता येतं. एक किलो हायड्रोजन पाण्यातून वेगळा करायला साधारण ५५ युनिट वीज लागते. भरलेला मोठा ट्रक शंभर किलोमीटरला आठ-नऊ किलो हायड्रोजन खातो. म्हणजे मुळात ४४० युनिट तरी खर्ची पडली, आणि तो दाबून भरायची किंवा थिजवायची वीज वेगळीच. तोच ट्रक बॅटरीवर असेल तर चार्जिंगमधली गळती धरूनही १४० युनिटांत शंभर किलोमीटर जातो. तिपटीहून जास्त फरक. हा काही अभियंत्यांच्या आळसाचा परिणाम नव्हे की उद्या कोणी हुशार निघाला आणि तो मिटला. विजेचा वायू करायचा, वायूची पुन्हा वीज करायची, प्रत्येक पायरीवर गळती ठरलेलीच. इथल्या पंपांवर हायड्रोजन २०२२ च्या सुरुवातीला किलोला साडेनऊ युरो होता, नंतर तेराच्या वर गेला. आठ किलोचे शंभरावर युरो झाले. तेवढ्याच अंतराला लागणारं तीसेक लिटर डिझेल त्याच्या निम्म्यात येतं.

तरीही हायड्रोजनवाल्यांच्या हातात एक हुकमी पान होतंच. दहा-पंधरा मिनिटांत टाकी भरते, बॅटरीला तास-तास लागतात. लांबच्या वाहतुकीत गाडी थांबली की पैसा थांबला. हे पान इथे चाललं नाही, आणि त्याचं कारण ट्रकच्या यंत्रात नाहीच मुळी, चालकाच्या केबिनमध्ये आहे.

इथे प्रत्येक ट्रकमध्ये टॅकोग्राफ नावाची एक डबी असते. चालक आपलं कार्ड त्यात सरकवतो आणि मग गाडी किती वेळ चालली, किती वेळ उभी होती, याची नोंद मिनिटामिनिटाने होते. युरोपीय नियम असा: साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं थांबायचंच. दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदा फार तर दहा. रस्त्यात तपासणी होते आणि दंड चालकाबरोबर कंपनीलाही बसतो. फेऱ्या लावताना मला ही ४५ मिनिटं गृहीतच धरावी लागतात. ग्राहक कितीही ओरडला तरी ती कापता येत नाहीत, साहेबही ‘जमव काहीतरी’ म्हणत नाहीत.

आता हिशेब बघा. साडेचार तास ताशी ऐंशीने गेलं तरी ३६० किलोमीटर होतात. पाचशेच्या बॅटरीत ते आरामात बसतात. मग चालक ४५ मिनिटं कॉफी पितो, तेवढ्यात चारशे किलोवॉटचा चार्जर अडीचशे किलोमीटरपुरती वीज भरतो. उरलेले साडेचार तास त्यावर आणि शिल्लक चार्जवर निघतात. रात्री अकरा तास गाडी उभी, तेव्हा सावकाश चार्जिंग. म्हणजे बॅटरीने जो वेळ ‘वाया घालवला’ असं आपण म्हणतो, तो वेळ कायद्याने चालकाला आधीच देऊन ठेवला होता. हायड्रोजनचा दहा मिनिटांचा झटपटपणा विकत घ्यायला गिऱ्हाईकच उरलं नाही, कारण चालक त्या दहा मिनिटांत निघू शकतच नाही.

कागदावर हे जितकं गुळगुळीत दिसतं तितकं नाही, हेही सांगायला हवं. महामार्गावरचे बरेचसे चार्जर मोटारींच्या मापाने आखलेले. आमचा एक चालक सोळा मीटर लांबीची गाडी घेऊन अशा जागी पोचला. वळायला जागा नाही, केबल पोचत नाही. बिचाऱ्याने बाजूच्या पार्किंगमध्ये ट्रेलर सोडला, नुसता पुढचा ट्रॅक्टर चार्जरपाशी नेला, मग परत येऊन ट्रेलर जोडला. ब्रेकच्या नळ्या काढा-लावा, ट्रेलरच्या टेकूचे पाय वर-खाली करा, पावसात. आणि कायद्याच्या भाषेत ही विश्रांती नव्हे, हे काम! म्हणजे ४५ मिनिटांचा तो हिशेब पुन्हा शून्यावर. रात्री तर महामार्गावर ट्रकला नुसतं उभं राहायलाही जागा मिळत नाही, चार्जर राहिला दूर. डेपोत मोठे चार्जर बसवायचे तर वाढीव वीजजोडणीसाठी वर्ष-वर्ष वाट बघणारे धंदेवाले मला माहीत आहेत. युरोपीय संघाने २०३० पर्यंत मुख्य महामार्गांवर दर ६० किलोमीटरला ट्रकसाठी चार्जिंगची सोय आणि दर २०० किलोमीटरला हायड्रोजनचा पंप असं बंधन घातलंय खरं, पण २०३० अजून उजाडायचंय.

टोलचं गणितही विसरू नका. जर्मनीत डिसेंबर २०२३ पासून ट्रकच्या टोलमध्ये कार्बनचा भाग आला आणि चाळीस टनी डिझेल गाडीला किलोमीटरमागे १९ सेंटचे जवळपास ३५ सेंट झाले. धूर न सोडणाऱ्या गाड्यांना हा टोल माफ. वर्षाला लाख किलोमीटर फिरणाऱ्या गाडीमागे पस्तीस हजार युरो वाचतात, म्हणून दुपटीहून महाग ट्रक घ्यायला मालक तयार होतो. पर्यावरणावरच्या प्रेमाने इथेही कोणी ट्रक घेत नाही.

आता आपल्याकडे या. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालं, १९,७४४ कोटींचं. त्यातून मार्च २०२५ मध्ये ३७ बस-ट्रक आणि ९ हायड्रोजन पंपांचे प्रायोगिक प्रकल्प मंजूर झाले, सुमारे २०८ कोटींच्या मदतीने. मार्गांत मुंबई-पुणे आहे, अहमदाबाद-बडोदा-सुरत आहे. मला इथे दोन गोष्टी खटकतात. एक, या ३७ पैकी २२ वाहनं फ्युएल सेलची, म्हणजे हायड्रोजनपासून गाडीतच वीज करून धावणारी, नाहीतच. ती हायड्रोजन थेट इंजिनात जाळणारी आहेत. म्हणजे आपण ‘फ्युएल सेल विरुद्ध बॅटरी’ म्हणून भांडतोय आणि सरकारी चाचणीत बहुमत तिसऱ्याचंच. अशा इंजिनाचं आकर्षण समजतं: आहेत ते कारखाने, आहेत ते मेकॅनिक चालतात. पण ते हायड्रोजन फ्युएल सेलपेक्षाही जास्त पितं. दुसरं, मुंबई-पुणे हे अंतर दीडशे किलोमीटरचं. हायड्रोजनची सगळी मिजास लांब पल्ल्याची, आणि परीक्षा द्यायला बसवलाय कुठे, तर जिथे बॅटरीचा ट्रक जाऊन-येऊन पुरतो तिथे. शिवाय बोरघाट उतरताना बॅटरीच्या गाडीला ब्रेकमधून वीज परत मिळते, ते वेगळंच.

या वादात बॅटरीवालेही एक गोष्ट सोयीस्करपणे गिळतात. आपल्या ग्रिडवरच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, कारण बहुतांश वीज कोळशाची. १४० युनिटांचे झाले शंभर किलो. डिझेलवर तेवढ्याच अंतराला, उत्खनन आणि शुद्धीकरण धरून, साधारण तेवढंच येतं. म्हणजे आज ग्रिडवर चार्ज केलेला ट्रक शहरातला धूर नक्की कमी करेल, पण हवामानाच्या नावाने फार छाती फुगवायचं कारण नाही. तो फायदा सौरऊर्जा वाढेल तसतसा येईल. आणि याच ग्रिडवर हायड्रोजन बनवला तर आकडा तीनशेच्या वर जातो. म्हणून तर आपल्याच २०२३ च्या व्याख्येप्रमाणे ‘हरित’ म्हणवून घ्यायला किलोभर हायड्रोजनमागे दोन किलो कार्बन डायऑक्साइडच्या आत राहावं लागतं, आणि ते सूर्य-वाऱ्यासारख्या अक्षय ऊर्जेवरच जमतं. असा महागामोलाचा हायड्रोजन हाती आला तर तो आधी कुठे द्यावा? खतकारखाने आणि तेलशुद्धीकरण यांना आजही लाखो टन हायड्रोजन लागतो, तो नैसर्गिक वायूपासून काढलेला असतो आणि तिथे बॅटरीचा पर्यायच नाही. ते सोडून तो ट्रकच्या टाकीत ओतायची घाई मला उमगत नाही.

पण मूळ मुद्दा थांबण्याचा. महाराष्ट्रात वाहतुकीचा धंदा करणाऱ्या एका मित्राला मी टॅकोग्राफचं सांगितलं तेव्हा तो हसला. “अरे, माझा ड्रायव्हर जेवढा थांबेल तेवढा हप्ता थांबतो. तुझ्या त्या डबीने माझी बँक ऐकणार आहे का?” त्याचं चूक नाही. आपल्याकडे बहुतेक मालकांकडे पाचाच्या आत गाड्या. भाडं ठरवणारा दुसराच, डिझेल महाग, परतीचा लोड मिळेल याची खात्री नाही. कायद्याची मात्र कधी उणीव नव्हती. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा दिवसाला आठ तास आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगत आला. सहा दशकं तो कागदावर सुखात नांदला.

गंमत म्हणजे आपला ट्रक दिवसाला सरासरी तीनशे किलोमीटरच्या आसपासच जातो असं सांगतात. उरलेला वेळ तो उभाच असतो. कारखान्याच्या गेटवर, बंदराच्या रांगेत, गोदामाबाहेर, शहरात दिवसा अवजड वाहनांना बंदी म्हणून नाक्यावर. गाडी थांबते, पण थांबते तिथे वीज नसते आणि चालकाला झोपही नसते, कारण रांग कधी हलेल याचा नेम नाही. मग तोच चालक रात्री बारा-चौदा तास रेटतो आणि त्या रेटण्याला आपण ‘लांब पल्ल्याची गरज’ असं नाव देतो. ‘आपल्याला झटपट भरणारं इंधनच हवं’ हा युक्तिवाद बारकाईने वाचला तर त्यात चालकाची झोप गृहीत धरलेली नाही. हायड्रोजनचं हुकमी पान आपल्याकडे अजून चालतंय ते यामुळे.

परदेशात बसून उंटावरून शेळ्या हाकतोय असं कोणी म्हणेल, म्हणून एवढं सांगतो की इथलं सगळं उचलून तिथे ठेवा असं माझं मत नाही. वजनाचा आक्षेप खरा आहे: ६०० युनिटची बॅटरी चार टनांच्या वर जाते, सिमेंट-पोलाद वाहणाऱ्याला ते टन परवडत नाहीत. युरोपने अशा गाड्यांना दोन टन जादा वजनाची मुभा दिली, तसा काही विचार करता येईल. बॅटरीची अदलाबदल इथे जवळपास रुजलीच नाही, पण चीनमध्ये ट्रकसाठी ती चालते. न्हावा-शेवा बंदरात तशा ट्रकांचा ताफा सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाला, तो मला मुंबई-पुण्याच्या हायड्रोजनपेक्षा जास्त कामाचा प्रयोग वाटतो. महाराष्ट्राने त्याच वर्षी समृद्धी, द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक मोटारी आणि बसना टोलमाफी दिली, मालट्रक मात्र बाहेर ठेवले. ज्याला टोलचा खरा चटका बसतो तोच वगळला. ही माफी उलट्या क्रमाने द्यायला हवी होती.

हायड्रोजनच्या चाचण्या बंद करा असंही मी म्हणणार नाही. पैसे खर्च झालेच आहेत, तर आकडे तरी बाहेर यावेत: भरलेली गाडी घाट चढताना शंभर किलोमीटरला किती किलो लागले, पंपावर किलोचा दर अनुदान वगळून किती पडला, पंप किती दिवस बंद होता. आणि त्याच तक्त्यात आणखी एक रकाना असावा, तोही बॅटरीच्या ट्रकांसाठी धरून: चालक सलग किती तास चाकामागे होता.