बाण दोन्ही बाजूंनी काढावा

एखाद्या मोठ्या कंपनीच्या सोल्युशन आर्किटेक्चरचे, म्हणजे तिच्या संगणक प्रणालीचा आराखडा आखण्याचे काम आपल्याकडे आले असेल, तर ज्यांना ती प्रणाली रोज वापरायची आहे अशा माणसांपासून आपण प्रथम सुरक्षित अंतर राखावे. गोदामातला माणूस किंवा बिले तपासणारा कारकून भेटला की तो अपवाद सांगू लागतो: अमुक ग्राहकाचा माल दोन पत्त्यांवर जातो, तमुक वितरकाला मार्चअखेरीस वेगळा दर लागतो. अपवाद ऐकून घेतले की आराखड्याच्या आकृतीतले चौकोन वाढतात, आणि स्लाइडवर जागा मोजकीच असते.

पद्धतीची चिंता करण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या आराखड्यावरून १९९५ साली तयार झालेली टोगॅफ ही आर्किटेक्चर आखण्याची चौकट हाताशी आहेच. तिच्या आकृतीत ‘ए’पासून ‘एच’पर्यंतचे टप्पे वर्तुळात मांडलेले असून मधोमध ‘रिक्वायरमेंट्स’, म्हणजे प्रणालीकडून असलेल्या गरजा, विराजमान आहेत. म्हणजे देव गाभाऱ्यात आणि आपण प्रदक्षिणेला. ‘एच’ झाला की पुन्हा ‘ए’ येतो, त्यामुळे दर्शन न घेताही दोन आर्थिक वर्षे भाविकपणे निघून जातात. ही चौकट आपापल्या गरजेनुसार कापूनछाटून घ्यावी, असे तिच्या कर्त्यांनीच लिहून ठेवले आहे. तेवढा भाग वाचू नये.

तंत्रज्ञानाची निवड आकृतीच्या आधी करावी. कंपनीकडे दिवसाला ४,००० ऑर्डरी येत असतील, तर आठ तासांच्या कामकाजात सरासरी सात सेकंदांना एक ऑर्डर पडते, आणि एवढे काम एखादा बेताचा सर्व्हर आणि एक डेटाबेस डुलक्या घेत उरकू शकतो. हा हिशेब बैठकीत मांडणे शिष्टाचाराला धरून नाही. त्याऐवजी वीस मायक्रोसर्व्हिसेस, म्हणजे प्रणालीचे स्वतंत्र चालणारे छोटे तुकडे, त्यांच्यामध्ये निरोपांची ने-आण करणारे काफ्का आणि त्या सगळ्यांच्या खाली त्यांना अनेक सर्व्हरांवर चालवणारे कुबरनेटिस घालावे. लिंक्डइनने काफ्का घडवले ते आपल्याकडचा अफाट डेटा वाहून नेण्यासाठी, हे खरे. पण सात सेकंदांना एक ऑर्डर येणाऱ्यांनी मनात न्यूनगंड का बाळगावा? अमुकच उत्पादन का निवडले, याची नोंद मात्र कोठेही ठेवू नये. विक्रेत्याच्या परिषदेहून परतलेल्या साहेबांच्या खांद्यावरील पिशवीवर ते नाव छापलेले होते, हे कारण दप्तरी शोभत नाही.

‘उपलब्धता’ या रकान्यात ९९.९९९ टक्के लिहावे. याचा अर्थ वर्षाकाठी सव्वापाच मिनिटांपेक्षा अधिक काळ प्रणाली बंद राहता कामा नये, आणि तेवढा वेळ आपल्याकडे पासवर्ड बदलण्याची परवानगी मागण्यातच जातो. पण आकडा देखणा आहे. कोणी सूक्ष्म दृष्टीचा गृहस्थ असे दाखवून देईल, की एकापुढे एक जोडलेल्या वीस सर्व्हिसेसपैकी प्रत्येक ९९.९ टक्के वेळ चालू असली आणि त्या आपापल्या वेळी बंद पडत असल्या, तर गुणाकार ९८ टक्क्यांवर येतो, म्हणजे वर्षातले सुमारे सात दिवस साखळी तुटलेली असेल. त्याचे आभार मानून हा विषय ‘पार्किंग लॉट’मध्ये, म्हणजे ‘नंतर बघू’च्या यादीत टाकावा. तेथून आजवर एकही विषय परत आल्याचे मी पाहिलेले नाही.

सर्व्हिसेसच्या सीमा ठरवण्यासाठी फार डोके लढवू नये. संस्थेतली माणसे एकमेकांशी जशी बोलतात तशीच त्यांची प्रणाली घडते, हे मेल्विन कॉनवे १९६८ सालीच सांगून गेले आहेत. विक्री आणि वसुली या खात्यांचे प्रमुख एकमेकांशी बोलत नसतील, तर त्यांच्या सर्व्हिसेसही बोलणार नाहीत. आपण फक्त मध्ये बाण काढावा.

बाणाबद्दल थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण आमच्या व्यवसायाचे खरे कसब तेथेच आहे. चौकोनाला निदान एखादा मालक असतो. बाणाला कोणीही नसतो. म्हणून तो ठळक, शक्यतो दोन्ही बाजूंनी टोक असलेला काढावा आणि त्यावर ‘रिअल-टाइम इंटिग्रेशन’, म्हणजे माहितीची तत्क्षणी आपोआप देवाणघेवाण, असे लिहावे. मी स्वतः एका कंपनीसाठी असा एक बाण काढला होता. पुनरावलोकन समितीत त्याची निळी छटा कंपनीच्या ब्रँडिंगशी जुळत नाही, एवढाच आक्षेप आला, आणि तो दूर केल्यावर आर्किटेक्चर एकमताने मंजूर झाले. गो-लाइव्हनंतर, म्हणजे प्रणाली प्रत्यक्ष सुरू झाल्यावर, चौथ्या महिन्यात तो बाण तीन दिवस बंद पडला. शोध घेत आम्ही लेखा विभागात पोहोचलो. तेथील एक बाई रोज संध्याकाळी सहा वाजता जुन्या प्रणालीतून फाइल उतरवून घेत, ग्राहक क्रमांकांच्या सुरुवातीचे गळालेले शून्य एक्सेलमध्ये हाताने भरत, दोन पत्त्यांच्या ग्राहकांची ओळ पिवळी करून तिच्या दोन ओळी करत आणि मग फाइल नव्या प्रणालीत चढवत. त्या तीन दिवस भाचीच्या लग्नासाठी कराडला गेल्या होत्या.

अशा प्रसंगी आपण गोंधळून जाऊ नये. आकृतीची पुढची आवृत्ती काढावी. आम्ही त्या बाणाच्या मध्यावर एक नवा चौकोन घातला, त्याला ‘डेटा क्वालिटी लेयर’ असे नाव दिले आणि त्याची उपलब्धता ९९.९९९ टक्के लिहिली. बाईंच्या रजेचा अर्ज आता आर्किटेक्चर समितीपुढे येतो.