इनामगावची कुंभदफनं म्हणजे नरबळी नव्हेत

पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन (तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणाऱ्या काळातल्या) वस्तीबद्दल एक मजकूर फिरतो आहे: घरं बांधताना पायाभरणीत मुलांचे बळी पुरले, मोठ्यांना पाय तोडून मारलं, आणि शिर नसलेली देवी हा त्याचा पुरावा. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ दरम्यान केलेल्या उत्खननातून यातलं काहीच सिद्ध होत नाही.

पायाभरणीचा बळी असेल तर खड्डा आधी आणि जमीन नंतर, म्हणजे खड्ड्यावर पहिली जमीन अखंड मिळायला हवी. इथे मुलं कुंभांत, म्हणजे मातीच्या मोठ्या मडक्यांत पुरलेली आहेत, आणि त्यांचे खड्डे घराच्या तयार जमिनीतून किंवा अंगणातून खाली खणलेले आहेत. हे ठरवणं मात्र किचकट असतं. सारवणाचे थर पातळ, आणि खड्डा बुजवलेला त्याच मातीने. कडा दिसते ती माती किंचित ओली असतानाच. त्यात उंदरांची बिळं. खड्ड्याचं तोंड नजरेतून सुटलं की उत्तर जोर्वे काळातलं (जोर्वे ही इथली ताम्रपाषाणयुगीन संस्कृती; तिचा नंतरचा टप्पा, इ.स.पू. १०००–७००) दफन खालच्या, आधीच्या जोर्वे घराच्या माथी मारलं जातं. म्हणून अर्धा भराव काढून उभा छेद आधी पाहायचा, मग कुंभाला हात लावायचा.

मूल ठेवलेलं असतं दोन राखाडी कुंभांत, तोंडाला तोंड लावून, उत्तर-दक्षिण आडवे. शेजारी तोटीचं भांडं आणि वाडगा. भांडी बळीसोबतही ठेवता येतील, त्यामुळे तो मुद्दा एकटा पुरेसा नाही. संख्या पाहा. दोनशेहून अधिक दफनं, बहुतेक लहान मुलांची, आणि दोन्ही जोर्वे काळ मिळून सातशे वर्षं: सरासरी तीन वर्षांत एखादं. देवी-गोवराची लस नसलेल्या गावात एवढी मुलं दगावायला बळीची गरज नाही.

देवीचं थोडक्यात. मातीच्या डब्याच्या झाकणावर शिर नसलेली स्त्रीमूर्ती आणि बैल मिळाला. तिच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक; काडी घातली की ती बैलावर बसते. यावरून माणसांची मुंडकी उडवली असं म्हणणाऱ्यांनी बैलाच्या भोकाचाही अर्थ सांगावा.

पायांची गोष्ट मात्र खरी आहे. प्रौढांना उत्तरेकडे डोकं करून उताणं पुरत, आणि घोट्याखालचे पाय नसतात. पण मरणाच्या जरा आधीचा घाव आणि लगेच नंतरचा घाव हाडावर सारखाच दिसतो. "मारलं" हे मजकुराने पदरचं घातलं आहे. मृताने परत येऊ नये म्हणून पाय काढत, हा अभ्यासकांचा तर्क आहे, तोही तर्क म्हणूनच घ्यावा. तान्ह्या मुलांबाबत आणखी जपावं लागतं: त्यांच्या पावलाची बरीच हाडं अजून कूर्चेचीच असतात, ती मातीत उरत नाहीत.

आणि अपवादही आहे. पाच खोल्यांच्या, धान्यकोठार असलेल्या मोठ्या घराच्या अंगणात एका पुरुषाला चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलं होतं. त्याचे पाय शाबूत होते.