बोरेज म्हणजे पानओवा नव्हे

हॅरी पॉटरच्या सहाव्या भागात (2005) ज्या जुन्या पुस्तकाच्या समासांत स्नेप या जादूच्या शाळेतल्या शिक्षकाची बारीक अक्षरातली खरड सापडते, त्याचा लेखक लिबेशियस बोरेज. ‘हे आडनाव आपल्या पानओव्यावरून आलं’ असा मेसेज फिरतोय. चूक. पानओव्याला इंग्रजीत ‘इंडियन बोरेज’ही म्हणतात, घोळ तिथे झाला. पण भजी करतो तो पानओवा तुळशीच्या कुळातला. खरं बोरेज भूमध्य सागराकाठचं: लवदार पानं, काकडीसारखा वास, चांदणीसारखी निळी फुलं. धीर येतो म्हणून युरोपात ते वाइनमध्ये घालत. नातं लावायचंच तर लोणच्याच्या भोकराशी लावा. ते परंपरेने बोरेजच्याच कुळात धरतात. आणि ‘लिबेशियस’मध्ये ‘लिबर्टी’ शोधू नका. त्यात दिसतो तो लॅटिन ‘लिबातिओ’, देवांसाठी पेय ओतणं. आपलं तर्पणच म्हणा ना.