डिस्क दिसत नाही म्हणजे डिस्क गेली, असं नाही

मराठवाड्यातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांच्या आणि सेवा केंद्रचालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : "विंडोज टाकताना डिस्क दिसली नाही तर ड्रायव्हरच्या नादी लागू नका. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करा. तरी दिसली नाही तर एसएसडी गेली, नवीन टाका. सगळ्या लॅपटॉपला चालतं." (बायोस म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणारं मशीनचं सेटिंग, व्हीएमडी म्हणजे डिस्क सांभाळणारा इंटेलचा कंट्रोलर, एसएसडी म्हणजे चिपवाली डिस्क आणि ड्रायव्हर म्हणजे विंडोजला एखादा भाग ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर.) यातला एक सल्ला अर्धा खरा आहे, म्हणूनच लोक तो पुढे पाठवतात. पण त्यापायी गिऱ्हाइकाचा डेटा जातो.

"एसएसडी गेली." आधी बायोसच्या माहितीच्या पानावर बघा. तिथे एसएसडीचं नाव येत असेल तर ती जिवंत आहे. इंटेलच्या ११ व्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी कंपनीतूनच चालू करून येतो. मग एनव्हीएमई (वेगवान एसएसडीचा प्रकार) डिस्क थेट विंडोजसमोर येत नाही, व्हीएमडी कंट्रोलरच्या मागे राहते. विंडोजच्या सेटअपकडे त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर नसला की यादी रिकामी दिसते, किंवा नुसता पेनड्राइव्ह दिसतो. (त्यालाच डिस्क समजून फॉरमॅट मारू नका.) बायोसमध्येही नाव नसेल तर बॅटरीचा कनेक्टर काढून एसएसडी एकदा नीट बसवा, स्क्रू आवळा. त्यानंतरच ती बदलायचं बोला.

"ड्रायव्हरच्या नादी लागू नका." काम फार तर दहा-पंधरा मिनिटांचं आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लॅपटॉप कंपनीच्या सपोर्ट पानावर जा, अचूक मॉडेल नंबर टाका आणि इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीचा ड्रायव्हर उतरवा. तिथे एफ ६ नावाची झिप असेल तर तीच घ्या. हे नाव विंडोज एक्सपीच्या काळातलं आहे. तेव्हा सेटअप सुरू होताना एफ ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागे.

नुसती सेटअपआरएसटी नावाची ईएक्सई फाइल मिळाली तर ती तशीच पेनड्राइव्हवर टाकून भागत नाही. सेटअपला आयएनएफ, एसवायएस आणि कॅट या सुट्या फाइली लागतात. ईएक्सई असलेल्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा. फाइलच्या नावापुढे जागा सोडून डॅश आणि सलग 'एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्स' असं इंग्रजीत लिहा, पुन्हा जागा सोडून नव्या फोल्डरचं नाव द्या. त्या नव्या फोल्डरमध्ये आत आत गेलं की 'ड्रायव्हर्स' आणि त्यात 'व्हीएमडी' सापडेल. हा व्हीएमडी फोल्डर विंडोजच्याच पेनड्राइव्हवर कॉपी करा.

सेटअपमध्ये डिस्क निवडायच्या पानावर 'लोड ड्रायव्हर', मग 'ब्राउज' करून तो फोल्डर दाखवा. ११ व्या पिढीत बहुधा ९ए०बी आणि १२ व्या पिढीत ४६७एफ असा क्रमांक असलेला व्हीएमडी कंट्रोलर यादीत येतो. तो निवडून 'नेक्स्ट' केलं की डिस्क दिसते. विसंगत ड्रायव्हर लपवण्याची टिक काढू नका. टिक असताना यादी रिकामी आली तर झिप उघडायची राहिलीय किंवा ड्रायव्हर दुसऱ्या पिढीचा आहे. हाच ड्रायव्हर पुढे बसवलेल्या विंडोजमध्येही जातो.

"व्हीएमडी बंद करा." एकच एसएसडी, कोरी विंडोज, जुना डेटा नको, एवढं असेल तर हे चालतं, ते मान्य. मात्र पुढे बायोस अपडेट झाला किंवा कोणी डिफॉल्ट सेटिंग लोड केलं, की व्हीएमडी पुन्हा चालू होतो. या विंडोजकडे त्याचा ड्रायव्हर नसतो, त्यामुळे 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'ची निळी स्क्रीन येते. गेवराई किंवा औंढ्याच्या सेवा केंद्रात ऐन पीकविम्याच्या गर्दीत असं झालं, तर चालक जवळच्या दुकानात धावतो, तिथे पुन्हा फॉरमॅट मारला जातो आणि अर्जांच्या पावत्या जातात. वास्तविक ते एक सेटिंग परत फिरवलं असतं तर भागलं असतं.

चालू विंडोजवर तर व्हीएमडी थेट बंद करूच नका, तीच निळी स्क्रीन लगेच येईल. बंद करायचाच असेल तर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा, पिनवर न विसंबता खात्याचा पासवर्ड माहीत करून घ्या. एमएसकॉन्फिग या विंडोजच्या टूलमध्ये सेफ बूट टिक करा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये जाऊन बदल करा, विंडोज सेफ मोडमध्ये (मोजक्या ड्रायव्हरवर) एकदा उघडू द्या, मग टिक काढा. दोन डिस्कचा रेड (दोन्ही जोडून एकत्र वापरण्याची रचना) लावलेला असेल तर हात लावू नका, रेड तुटतो.

"सगळ्या लॅपटॉपला चालतं." काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये हा पर्यायच नसतो. एसरच्या बऱ्याच मॉडेलांत 'मेन' टॅबवर कंट्रोल आणि एस दाबल्यावरच तो दिसतो. एएमडीच्या साध्या लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नसतोच, एनव्हीएमईसाठी विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर पुरतो. एएमडीवर रेड चालू असेल तर मात्र आरसीबॉटम, आरसीरेड, आरसीसीएफजी हे तीन ड्रायव्हर याच क्रमाने द्यावे लागतात.

'मीडिया ड्रायव्हर मिसिंग' ही सूचना वेगळी. तिथे सेटअपला स्वतःचाच पेनड्राइव्ह वाचता येत नसतो, त्यामुळे स्टोरेज ड्रायव्हर कितीही दिले तरी उपयोग नाही. विंडोजची आयएसओ फाइल पुन्हा उतरवा, पेनड्राइव्ह नव्याने बनवा आणि दुसऱ्या यूएसबी पोर्टात लावून बघा.