बाबांचा अर्धा बांगडा

वर्षभरात आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा बोलला गेलेला शब्द म्हणजे ‘बंद’. मासे बंद, डाळ बंद, दूध बंद. आज या शब्दावरचा राग काढायला बसलेय, पोस्ट लांबणार आहे. घरात कोणाचं क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात साठणारा कचरा) वाढलेलं असेल तर मात्र शेवटपर्यंत वाचा.

गेल्या वर्षी जूनमध्ये बाबांच्या पायाला सूज दिसली म्हणून रक्त तपासलं. क्रिएटिनिन २.९, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) २३. म्हणजे किडनीच्या आजाराच्या पाच पायऱ्यांपैकी चौथी. वय ६७, वजन ५८ किलो, उभा जन्म एसटीच्या स्टिअरिंगमागे गेलेला. बीपी जुनंच, गोळी आठवली तर घ्यायची. शुगर नाही. पहिल्यांदा जिथे दाखवलं तिथून हातात एक कागद पडला, झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून कडेची अक्षरं कापली गेलेला. मांस-मच्छी बंद, अंडी बंद, दूध बंद, डाळी बंद. आणि ‘काय खावे’च्या रकान्यात दलिया, लौकी, तोरी, परवल. बाबांनी चष्मा लावून तो नीट वाचला आणि मला विचारलं, “लौकी म्हंजे काय गो?”

दुधी, बाबा. परसात वेल आहे आपल्या.

त्या कागदावर वजनाचा रकाना नव्हता. आजार कितव्या पायरीवर आहे, शुगर आहे का, डायलिसिस चालू आहे का, कशाचीच विचारणा नव्हती. तरी आम्ही तो देव्हाऱ्याशेजारी चिकटवला आणि अक्षरशः पाळला. जून-जुलै निभावलं, मासेमारी बंद असते, बाजारात ताजं म्हावरं तसंही नसतंच. नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडल्या आणि शेजारच्या घरातून बांगड्याच्या तिरफळ घातलेल्या आमटीचा वास यायला लागला. बाबा पेजेच्या वाडग्यात बघत बसायचे. “मासो नाय तर जेवाण कसला?” हे रोजचं. मग बोलणंही थांबलं, आणि निम्मी पेज वाडग्यात तशीच राहायला लागली.

सप्टेंबरात क्रिएटिनिन २.६ आलं. आईने देवाला नारळ ठेवला, मी शाळेत पेढे वाटले. बाबांचं वजन ५१ झालं होतं, त्याकडे ‘पथ्यानं उतरलं’ म्हणून कौतुकाने बघितलं. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

पुढच्या आठवड्यात घाट चढून किडनीच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर बाईंनी फाईल बाजूला ठेवली आणि बाबांचा दंड चिमटीत धरून बघितला. “हे मसल कुठे गेले यांचे?” मी रिपोर्ट पुढे केला, क्रिएटिनिन उतरलंय म्हणून. मग त्यांनी जे सांगितलं ते मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंतून. स्नायूच झडले की रक्तातलं क्रिएटिनिनही कमी दिसतं. किडनी होती तिथेच होती, बाबा कमी झाले होते. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रोटीन, तेही खाली गेलं होतं.

तर मग प्रोटीन कमी करायचंच नाही का? करायचं. मला चीड आहे ती न मोजता करण्याची.

त्यामागचं शास्त्र बाबांनी माझ्यापेक्षा लवकर पकडलं. खाल्लेलं प्रोटीन शरीरात वापरलं गेलं की नायट्रोजनचा कचरा उरतो, यकृत त्याचा युरिया करतं आणि तो बाहेर टाकायचं काम किडनीचं. प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या. त्यातल्या बऱ्याच मेल्या की उरलेल्यांवर जास्तीचा भार येतो, त्या जास्त दाबाने चालतात आणि त्याही लवकर बाद होतात. ब्रेनर नावाच्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली हे मांडलं. बाबा म्हणाले, म्हणजे डेपोतल्या निम्म्या गाड्या नादुरुस्त आणि गणपतीतली सगळी गर्दी उरलेल्या गाड्यांत कोंबून फोंडा घाट चढवायचा. इंजिन तापणारच. बरोबर. पण गर्दी कमी करायची म्हणून गाडीत डिझेलच भरायचं नाही, हा उपाय कुठल्या डेपोत करतात?

आमचं नेमकं तेच झालं होतं. प्रोटीन कमी करताना पोटात पुरेशा कॅलरी गेल्याच पाहिजेत, वजनाच्या दर किलोला दिवसाला साधारण २५ ते ३५. त्या नाही मिळाल्या तर शरीर स्वतःचे स्नायू जाळतं, आणि त्याचाही कचरा फिरून त्याच किडनीकडे. म्हणजे अर्धपोटी ठेवलेला माणूस मासे न खाताही प्रोटीनच खात असतो, स्वतःचं.

आणि नेमकं किती प्रोटीन खावं यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही. अमेरिकेत मोठी चाचणी झाली, तिचा निकाल १९९४ मध्ये आला. कमी प्रोटीनने किडनी वाचते असं त्यातून ठामपणे सिद्ध झालं नाही, आणि वाद आजही चालूच आहे. तिथल्याच २०२० च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात, शुगर नसेल आणि डायलिसिस नसेल तर वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.५५ ते ०.६ ग्रॅम, शुगर असेल तर ०.६ ते ०.८. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय सूचना ०.८ वर थांबतात आणि १.३ च्या वर जाऊ नका म्हणतात. ज्यांनी यात हयात घालवली ते दशांश चिन्हानंतरच्या आकड्यावर भांडतायत आणि आमच्याकडे वाडीतला कोणीही छातीठोकपणे सांगतो, मासे बंद. यातल्या एकाही सूचनेत शून्य हा आकडा नाही.

बाबांसाठी बाईंनी मधला आकडा काढला. किलोला ०.७, आणि वजन उतरल्यावरचं नाही, आधीचं ५८ धरून. दिवसाला ४० ग्रॅम.

मी घरी येऊन ऑनलाइन वजनकाटा मागवला आणि पहिल्याच दिवशी ४० ग्रॅम मासा मोजून ताटात ठेवला. दिवसभराचं प्रोटीन संपलं म्हणून बाकी काही नाही. बाबा त्या तुकड्याकडे बघून म्हणाले, “ह्या मांजराक दी.” तीन दिवसांनी फोनवर बाईंना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. अहो, मासा म्हणजे बहुतेक पाणी. १०० ग्रॅम मासळीत प्रोटीन वीसच्या आसपास. ४० ग्रॅम प्रोटीन आणि ४० ग्रॅम मासा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मी गणित शिकवते, हे मुद्दाम नमूद करते.

मग वही घातली. दोन वेळचा भात आणि पेज मिळून २०० ग्रॅम तांदूळ, त्यात १५ ग्रॅम. हो, भातात! भातातलं प्रोटीन कोणी मोजतच नाही. कुळथाची पिठी, एक वाटी, ५ ग्रॅम. दोन चहांचं दूध ३. भाजी, वरचं ओलं खोबरं, किडूकमिडूक धरून ५. झाले २८. उरले १२. बारा ग्रॅम म्हणजे ६० ग्रॅम मासळी, काटे सोडून. म्हणजे मोठ्या बांगड्याचा अर्धा भाग, रोज. ज्या माणसाला आम्ही नुसता वास घ्यायला लावला त्याला रोज अर्धा बांगडा चालणार होता. मासा नको त्या दिवशी दोन अंडी, तेवढीच भरतात.

खरा शत्रू निघाला मीठ. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर, त्यात सगळं आलं. खारवलेला बांगडा, लोणचं, पापड, मिरगुंडं हे मात्र आमच्याकडे खरोखर सुटलं आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. सैंधव वापरा म्हणणाऱ्यांना हात जोडते, तेही सोडियमच. आणि ‘कमी सोडियम’वाल्या मिठाच्या पुड्यांत पोटॅशियम असतं, ते किडनीच्या रुग्णाला जास्तच धोक्याचं. ‘शहाळं थंड, किडनी धुऊन निघते’ असं म्हणून आम्ही रोज एक देत होतो, पण शहाळ्यातही पोटॅशियमच, रिपोर्टमध्ये ते वाढून ५.९ आलं. दारात आठ माड असलेल्या घरात शहाळं वर्ज्य, हे सांगताना बाईंनाही वाईट वाटलं असावं. करमरं तर हातही लावू देऊ नका, कापल्यावर चांदणी दिसते ते आंबट फळ. किडनीच्या रुग्णाला त्याने न थांबणाऱ्या उचक्या, भ्रम, फिट्स येऊ शकतात.

शेजारच्या काकी येऊन सांगून गेल्या, “कुळथाचा पाणी दी तेंका, खडो विरघळान जातलो.” काकी, खडा नाहीच आहे. मुतखडा वेगळा आणि हे वेगळं. पण काकींना कोण समजावणार, त्यांनी कुळीथ आणून दिले आणि त्याचीच पिठी आम्ही खातोय.

एक मात्र कृपा करून करू नका. बाबांची ही वही उचलून दुसऱ्या कोणाला लावू नका. पलीकडच्या वाडीत एक काका आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात, आणि त्यांच्या घरी तोच झेरॉक्स कागद भिंतीवर. डायलिसिस सुरू झाल्यावर हिशेब उलटा होतो, दर खेपेला रक्तातून अमिनो आम्लंही वाहून जातात, म्हणून किलोला १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन लागतं. त्यांना जास्त खायला हवं होतं आणि ते दुधीवर होते. चालताना भिंतीला धरायचे. त्या घरातल्या सुनेला मी भीत भीत सांगितलं, डॉक्टरांना एवढंच विचार की मासे किती. ‘चालतात का’ नको विचारू, ‘किती’ विचार.

किलोमीटरगणिक चव बदलणाऱ्या या किनाऱ्यावर इथल्या ताटाचा तक्ता करणारा आहारतज्ज्ञ निदान तालुक्याला एक तरी का असू नये? पेज, घावणे, पिठी, सोलकढी लिहिलेला तक्ता. घावण्यासारखं कमी प्रोटीनचं, पोट भरणारं खाणं आमच्याकडे आहेच की, ते हाताशी असताना दलिया शोधायला कुठे जायचं? आणि तक्ता देताना रुग्णाइतकंच चुलीपुढच्या बाईकडे बघून बोलावं. सगळा हिशेब तिच्या हातून जातो. आमच्या आईने पन्नास वर्षं ‘अंदाजपंचे’ स्वयंपाक केलाय, आता ती डबल चष्मा लावून ग्रॅम वाचते आणि काटा बिघडला तर माझ्यावर ओरडते.

बाबांचं वजन आता ५५ आहे. क्रिएटिनिन ३.० वर स्थिर. गेल्या वर्षीच्या २.६ पेक्षा जास्त, आणि या वेळी पेढे वाटले नाहीत तरी घरात कोणी घाबरलंही नाही.

परवा मात्र वेगळंच भांडण झालं. अर्धा बांगडा कुठला, डोक्याकडचा की शेपटीकडचा? बाबांना डोक्याकडचा हवा. मी तसा ठेवला, मोजून. जेवण झाल्यावर त्यांनी ताटातले सगळे काटे गोळा केले, डोक्याची हाडं चोखून स्वच्छ केलेली, आणि स्वतः उठून वजनकाट्यावर ठेवली. २२ ग्रॅम.

“हे वजा कर गो. तेवढो मासो माजो.”